डबा आहे म्हणजे बाई आहे

तुरीला फूल आलं की आमच्या गावचा रस्ता पांढरा व्हायला लागतो. कापसाच्या गाड्या जातात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी प्रत्येक गाडीतून आपापला वाटा काढून घेतात. सकाळी तोंडातून वाफ निघते, दहा वाजता ऊन पाठीवर बसतं आणि हवेला कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळत्या पानांचा करकरीत वास येतो. हे वेचणीचे दिवस. या दिवसांत माझ्या चक्कीवर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसांत कापूस असतो आणि माझ्या केसांत पीठ. आम्ही सगळेच वयाआधी म्हातारे दिसतो.

काल शाळेच्या मॅडमनी नोटीस पाठवली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली सूचना आमच्या गावात फक्त शिपाई वाचतो. लोकांनी वाचावी असं वाटत असेल तर ती चक्कीच्या दारावर लागते, कारण राग-लोभ काहीही असला तरी भाकरी सगळ्यांनाच लागते. मी थोड्या पिठाची खळ केली आणि कागद दाराला चिकटवला. ‘शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपत असल्याने नवीन समिती निवडण्यासाठी पालकसभा. वेळ : सायंकाळी पाच.’ खळ नीट बसावी म्हणून कागदावरून हात फिरवत होतो, तो ‘सायंकाळी पाच’वर येऊन जरा थांबला. कधीकाळी तिथे ‘सकाळी अकरा’ होतं. ती अकराची वेळ ज्या शहाण्याने सुचवली होती, तो मीच.

बाहेरच्या माणसाला या निवडणुकीचं हसू येईल. हिला ना चिन्ह, ना झेंडा, ना जीप. सरपंचाच्या निवडणुकीत गाव महिनाभर झोपत नाही आणि शाळेच्या समितीची निवड चहा निवण्याच्या आत उरकते. शाळेत ज्यांची लेकरं आहेत ते आईबाप जमतात, हात वर करतात, सदस्य ठरतात, सदस्यांतून अध्यक्ष ठरतो. आमच्याकडे अध्यक्षाचं नाव सभेतच पुढे येतं आणि सदस्य माना डोलावतात. पण सरपंच कोण झाला म्हणून आमच्या गावातल्या दहा वर्षांच्या पोरीचं आयुष्य बदलल्याचं मी पाहिलं नाही. शाळेच्या समितीमुळे बदललेलं पाहिलं आहे, आणि तेही माझ्याच घरातून.

तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी नाल्यापलीकडच्या गावात जावं लागायचं. तीन किलोमीटर रस्ता, त्यातला अर्धा सागाच्या जंगलातून, आणि पावसाळ्यात नाला भरला की तोही नाही. मुलगे जायचे. मुली चौथी पास व्हायच्या, निकालाचा कागद घरातल्या डब्यात जायचा आणि पोरगी आईबरोबर वेचणीला. यात कुणी दुष्ट नव्हतं. सगळे आपल्या पोरींना जपतच होते.

माझी समीक्षा त्या वर्षी चौथीत होती. मी माझ्यापुरता प्रश्न सोडवून टाकला होता. एका सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणालो, “पाचवीले तिले घाटंजीले ठेवू, तुह्या भावाकडे. चांगली शाळा हाय.”

वनिता चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“आपली पोरगी मामाकडे जाईन,” ती म्हणाली, “यमुनाबाईच्या पूजाले मामा कुठून आणू?”

मी हसलो. यमुनाबाई म्हणजे वेचणाऱ्या बायकांची मुकादम. गावातल्या बायका कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात वेचायला जाणार हे ती ठरवते. तिची पूजा आणि आमची समीक्षा एका बाकावर बसायच्या. मला वाटलं, पूजाची काळजी यमुनाबाई करेल, आपण कशाला करायची. वनिताचं माहेर झरी जामणीकडचं. तिथेही शाळा चौथीपर्यंत आणि पुढे असाच एक नाला. तीसपर्यंतचे पाढे तिला आजही घडाघडा येतात आणि ती तिथेच थांबली. हे मला लग्नापासून माहीत होतं, पण ते माहीत असूनही मी हसलो.

शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. समितीची मुदत संपली होती आणि मला अध्यक्ष व्हायचं होतं. खरं सांगायला आता लाज कसली? शाळेच्या भिंतीवर समितीच्या नावांचा निळा फलक रंगवलेला असतो. त्यावर सगळ्यात वर आपलं नाव यावं, सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांच्या शेजारची खुर्ची मिळावी, एवढी माझी झेप. जुने अध्यक्ष गजाननभाऊ माझ्या बाजूने होते. काय काय करणार याची मी यादीही केली होती. घरी ती मोठ्याने वाचून दाखवली.

“आधी कमान करू. मंग कंपाउंड. मंग पाचवीचं पाहू.”

“मंग,” वनिता म्हणाली.

नुसतं ‘मंग’. मला तो होकार वाटला. बायकोच्या एका शब्दाचे किती अर्थ होतात हे कळायला चक्कीवाल्याला जरा वेळ लागतो, दिवसभर कानाशी पट्टा घरघरत असतो.

मुख्याध्यापक ढोके सर भला माणूस. सभेची वेळ विचारायला ते चक्कीवर आले. मी म्हणालो, अकरा ठेवा. साडेदहाला आमची लाईट जाते, मी मोकळा असतो. हे कारण खरंच होतं. पण त्या वेळेला बायका वेचणीला गेलेल्या असतात, सभेत पुरुषच असतात आणि पुरुषांशी माझं आधीच बोलणं झालेलं आहे, हेही मला पक्कं ठाऊक होतं. अर्धी सोय आणि अर्धी चलाखी. सरांनी अकरा लिहिलं आणि मी ती नोटीस अशीच खळ लावून दारावर चिकटवली.

आता चक्कीचा कायदा सांगायला हवा. लाईट आपल्या मर्जीने येते-जाते. बायका दिवस उगवताच वावरात जातात. त्या काही माझ्या दारात ताटकळत बसू शकत नाहीत. म्हणून जाता जाता दळणाचा डबा ओट्यावर रांगेत ठेवायचा, मी नंबराने दळून ठेवायचं, परत येताना ऊन ऊन पीठ घेऊन जायचं. डबा रांगेत आहे म्हणजे बाई रांगेत आहे. तिच्या पुढे कुणी घुसायचं नाही. माझ्या बापाने हा नियम घातला आणि मी तो पाळला. एकदा गजाननभाऊंच्या गड्याने त्यांचा डबा मधेच सरकवला, तर मी तो उचलून शेवटी नेऊन ठेवला. “भाऊ, लय कडक हाय तुमचा कायदा,” गजाननभाऊ म्हणाले होते. मला त्याचा भारी तोरा. गावातल्या बायका मला चेहऱ्याहून डब्यांवरून जास्त ओळखू येतात. पोचा आलेला यमुनाबाईचा. तारेची कडी लावलेला तेलाचा पिपा निर्मलाबाईचा. हिरव्या झाकणाचा डबा एका सुनेचा आणि तसाच पण गंजलेला तिच्या सासूचा.

सभेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वेचणीच्या दिवसांत आभाळ आलं की गाव वरच पाहत राहतं. फुटलेला कापूस भिजला तर सोन्याची माती. सगळं गाव अंधारातच वावरात गेलं. वनिताही म्हणाली, आपल्या वावरातलं उरकून येतो. मी पांढरा शर्ट घातला आणि चक्की उघडली. लाईट आली. ओट्यावर एकही डबा नव्हता.

असं कधी झालं नव्हतं. पोळ्यालासुद्धा चार डबे असतात. वाटलं, आभाळाच्या घाईत विसरल्या असतील. बरंच झालं म्हणून मी चक्कीला कुलूप घातलं आणि केसांना तेल लावून शाळेत गेलो.

डबे शाळेत होते.

शाळेच्या ओसरीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंतीला लागून सरळ रांगेत. पोचा आलेला, तारेच्या कडीचा, हिरव्या झाकणाचा, गंजका, सगळे. बायकांनी भल्या पहाटे वावरात जाताना ठेवले होते. आणि रांगेत पहिला डबा स्टीलचा होता, वनिताला तिच्या माहेरातून आलेला, झाकणावर तिचं नाव कोरलेला. चक्कीवाल्याच्या घरचा डबा रांगेत कधी लागत नाही, त्याला गरजच नसते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या घरचा डबा रांगेत पाहिला आणि सगळं एकदम समजलं. माझ्याच चक्कीवर, माझ्याच समोर, पट्ट्याच्या आवाजात एकमेकींच्या कानाला लागून बायकांनी महिनाभर प्रचार केला होता. मला वाटायचं, सासवांच्या चुगल्या चालल्यात.

वर्गात सतरंजीवर बाप लोक बसले होते. गजाननभाऊ दारात येऊन म्हणाले, “सर, डब्याइले मत असते काय? घ्या आटपून.”

ढोके सर माझ्याकडे पाहत होते. “भाऊ, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या चक्कीवर काय नियम आहे?”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे निळा फलक होता, त्यावर माझं नाव ओलं ओलं रंगवलेलं. एक ‘घ्या’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मग उद्यापासून मी ओट्यावर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? गजाननभाऊंचा डबा ज्या हाताने मागे नेला, त्याच हाताने या बायकांना मागे कसं ढकलायचं?

“डबा हाय म्हंजे बाई हाय,” मी म्हणालो. “थांबू आपण.”

हे बोलताना मला अजिबात बरं वाटलं नाही. फार मोठेपणाने बोललो असं कुणी समजू नये.

दोघं-चौघं कुरकुरत घरी गेले. बाकीचे थांबले. बसून काय करायचं म्हणून सरांनी आम्हाला चौथीच्या वर्गात मागे बसवलं. बापांचे गुडघे बाकांत मावेनात. लेकरं मागे वळून वळून हसत होती. मग सर सहज बोलल्यासारखे म्हणाले, “पुढच्या वर्षी कोण कुठं जाणार, सांगा बरं.”

मुलगे उठले आणि नाल्यापलीकडच्या शाळेचं नाव घेऊन बसले. मग पूजा उभी राहिली.

“वेचाले,” ती म्हणाली आणि बसली. पाढा बरोबर म्हणून बसावं तशी. तिला ते उत्तर चुकीचं आहे असं वाटलंच नाही.

तिच्या शेजारी समीक्षा उभी राहिली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, खिडकीबाहेर पाहत होती. “मामाकडे,” ती म्हणाली. घरात इतके दिवस मी हे ठरवून बसलो होतो, पण तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या उत्तरात शाळेचं नावच नव्हतं. घर सोडून जायचं तेवढंच होतं. माझ्या यादीतली कमान त्या क्षणी कोसळली, आणि कमानीच्या खाली मीच उभा होतो.

चारनंतर बायका आल्या. आभाळ तसंच लोंबत होतं, पण पडलं नाही. डोक्याला फडकी, कमरेला वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या अजून बांधलेल्याच. एकेकीने आपापला डबा ओळखून उचलला आणि वर्गात येऊन तो मांडीवर घेऊन बसली. वनिता माझ्या जवळून गेली.

“मले काहून नाई सांगितलं?” मी हळूच विचारलं.

“तुमी विचारलं कुठं?” ती म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

गजाननभाऊंनी माझं नाव सुचवलं. यमुनाबाईने वनिताचं सुचवलं. सरांनी दोघांना बोलायला सांगितलं. मला यादी आठवेना. वनिता उभी राहिली, डबा हातातच.

“मले कमान नोको,” ती म्हणाली. “मले पाचवी पाह्यजे. मी चौथी पास झाली तवा माहा बाबा म्हणे, नाला उतरला की जाशील. नाला उतरला. दरवर्सी उतरते. मले कोणी नेलं नाई. आता आपल्या पोरीइले मी तसं सांगनार नाई.”

एवढंच. सरांनी आधी माझ्यासाठी हात वर करायला सांगितले. काही पुरुषांनी केले, मग बायकोकडे पाहून त्यांतले काही खाली आले. मग वनितासाठी. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं वर गेली, सगळीच्या सगळी, आणि त्यांच्यामध्ये एक पिठाने पांढरा झालेला हात होता. तो माझा. आधी खसखस पिकली, मग टाळ्या वाजल्या. मोजायची गरज पडली नाही.

पुढचे आठ-दहा दिवस गावाने मला सोडलं नाही. “काय भाऊ, घरातच पडले!” जो येई तो म्हणे. मी हसायचो, पण आत कळ यायची. ती हळूहळू गेली. ती कशाने गेली तेही सांगतो.

वनिता तालुक्याच्या कार्यालयात जायला लागली. समितीचा ठराव, पालकांच्या सह्या, मुलींची यादी, सगळं मैद्याच्या धुतलेल्या पिशवीत. सकाळच्या एसटीने जायची, साहेब भेटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायची. पाणी प्यायला उठली की जेवणाचा डबा जागेवर ठेवून जायची. शिपाई म्हणाला, बाई, डबा उचला. तिने त्याला आमच्या चक्कीचा कायदा ऐकवला. पुढच्या खेपेपासून तिच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही म्हणे त्याने. पत्र गेलं, उत्तर आलं, पुन्हा पत्र गेलं. वर्गखोली नाही म्हणाले, तर पालकांनी शाळेतली अडगळीची खोली रिकामी करून चुन्याने रंगवली. गजाननभाऊंनी स्वतः शिडी धरली. माणूस वाईट नव्हताच.

आणि उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर त्या खोलीच्या दारावर सरांनी खडूने लिहिलं, ‘इयत्ता पाचवी’. समीक्षा आणि पूजा पहिल्या बाकावर. प्रार्थना झाली, सगळे बाहेर हसत-बोलत होते आणि मी खोलीत डोकावलो. शेवटच्या बाकावर वनिता एकटी बसली होती. दोन्ही हात बाकावर पसरून. चौथीच्या पुढच्या वर्गात ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. मी आत गेलो नाही. दारातच उभा राहून रडलो आणि पीठ गेलं म्हणून डोळे पुसले. त्या दिवसापासून आत कळ आली नाही. माझ्या बायकोचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा मला दुसऱ्या कशाचाही नाही, माझ्या कायद्याचाही नाही.

फलक रंगवायला पेंटर आला तेव्हा मी मुद्दाम तिथे गेलो होतो. सगळ्यात वर त्याने लिहिलं : वनिता, मग सुधाकर, मग आडनाव. म्हणजे माझं नाव भिंतीवर लागलंच, मधोमध. आजही शाळेवरून जाताना मी ते वाचतो आणि पुढचं-मागचं सोडून नुसतं मधलं वाचलं की गुदगुल्या होतात. वनिता म्हणते, “पाहा पाहा. माह्याच नावात हाय.”

पाचवी झाल्यावर आमच्या मुली नाल्यापलीकडे सहावीला गेल्या. पण आता एकटीदुकटी नाही, सगळ्या मिळून, सायकलींवर, घंट्या वाजवत. एक वर्षाने पोरगी किती मोठी होते हे बापाला कळत नाही, आईला कळतं. समीक्षा आणि पूजा आता दहावीत आहेत. आमचं आता त्या शाळेत कुणी लेकरू नाही, त्यामुळे सभेत आम्हाला मत नाही. तरी आज सकाळी पाहिलं, तर वनिता तिचा स्टीलचा डबा राखेने घासत होती.

“तुले कुठं मत हाय आता?” मी म्हणालो.

“मले नाई. शेजारच्या सरिताले हाय. तिची पोरगी यंदा पयलीत गेली. अन् तिच्यापाशी नावाचा डबा नाई.”

सभा आता पाचला असते, बायका स्वतःच येतात, डबे ठेवायची काही गरज उरलेली नाही. पण ठेवतात. आज मी चक्की उघडली, लाईट होती आणि ओटा रिकामा. मी खुर्ची टाकून उन्हात बसलो. चक्कीवाल्याला असा धंद्याचा खाडा दोन-दोन वर्षांनी यावा आणि त्याला इतकं बरं वाटावं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

पाचला शाळेत गेलो, मागे उभा राहायला. सरिता वनिताचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. हात वर करण्याआधी आमच्याकडे आता एक रीत आहे, वनिताने अध्यक्ष असताना घालून दिलेली. पाचवीच्या मुलींना आईबापांसमोर उभं करायचं आणि ढोके सरांनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न विचारायचा. नव्या मॅडमनी विचारला, “पुढच्या वर्षी कोण कुठं जाणार?”

एकामागून एक पोरी उठल्या. सहावीत. सहावीत. सहावीत. शेवटची उठली ती पूजाची धाकटी बहीण, नाकात चमकी, वेणीला कापसाचा पुंजका चिकटलेला. तिला या प्रश्नाचा चक्क राग आला होता. तिने मॅडमकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

“सहावीतच ना,” ती म्हणाली, “पाचवीनंतर अजून कुठं जातेत?”